कराटेसाठी मापाचं ब्लाउज

कराटेच्या ड्रेसला छातीचं माप लागत नाही. कमरेचंही लागत नाही, कारण पॅंटला नाडी असते आणि जॅकेटला पट्टा. लागते ती उंची. चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यावर वही आडवी धरायची, भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजायचं. त्यावरून ड्रेसचा नंबर ठरतो. बाही मनगटाच्या पुढे जाऊ नये, पॅंट घोट्याच्या खाली लोळू नये आणि हात वर केला तर काखेत ओढ बसू नये. सुती असेल तर पहिल्या धुण्यात थोडा आटतो, म्हणून एक बोट जास्त धरायचं. शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून मी हे इतक्या मुलींना सांगितलं आहे की आता झोपेतही सांगेन. न समजण्यासारखं यात काही नाही. ते न समजायला माणसाकडे पद असावं लागतं. आमच्या सचिवांकडे ते होतं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून सुटल्याचा आनंद सगळ्यांना होता, मलाही होता. पण जिल्हा नवा म्हटल्यावर प्रत्येक खेळाची जिल्हा संघटनाही नवी आली. आधी खुर्च्या भरल्या, मग खेळाडू शोधायला सुरुवात झाली. ज्याला जी खुर्ची सापडली ती त्याने धरली. आमच्या सचिवांना कराटे सापडलं. त्यांचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. दुष्काळाची वर्षं होती, जो तो जमिनीला भोक पाडत होता, आणि पाणी लागो न लागो, पाइप खपत होते. पुण्यातल्या कुठल्याशा शिबिराला ते जाऊन आले आणि येताना काळा पट्टा घेऊन आले. त्यांना तो मिळाला की त्यांनी तो आणला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना लाथ मारताना मी कधी पाहिलं नाही. लाथ मारल्यासारखं उभं राहताना अनेकदा पाहिलं, आणि दर वेळी समोर फोटोग्राफर होता.

शिकवायला औरंगाबादहून एक प्रशिक्षक आठवड्यातून एकदा यायचे. ते मन लावून शिकवायचे आणि शिकवून झालं की गाडी पकडायचे. बाकी सगळा कारभार सचिवांचा. ड्रेसचा विषय त्यांनी प्रशिक्षकांच्या कानावरसुद्धा घातला नाही.

मी कराटेत का गेले, तेही सांगते. माझं गाव जळकोटच्या बाजूचं. आमच्या वस्तीत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी. सरकारी वसतिगृहात राहून लातूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचले होते. त्या वसतिगृहाचे, तिथल्या ताटाचे आणि त्या कॉलेजच्या बाकांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण नुसत्या बी.ए.वर नोकरी नव्हती. बी.पी.एड.ला गेले असते तर शाळेत लागण्याची आशा होती. माझे मार्क बेताचे. खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागेवर प्रवेश मिळाला असता, आणि त्यासाठी विभागीय स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागायचं. कबड्डीत, खो-खोत मुलींची रांग होती. कराटेत अख्ख्या जिल्ह्यात आम्ही सहाजणी. म्हणून मी कराटेत गेले, आणि पुढे मला ते आवडायलाही लागलं. प्रमाणपत्र मिळालं तर बी.पी.एड., नाही तर गाव. गावात त्या वर्षी काम होतं ते रोजगार हमीच्या खडीचं. आई आणि दादा दोघंही खडीवर जायचे. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, "तू हिकडं बघूच नको. दगड फोडायला आमी दोघं हाव की. तुझं तू बघ."

विभागीय स्पर्धा नांदेडला ठरली. तोवर आम्ही मुली सलवार-कमीजवर ओढणी कमरेला बांधून सराव करायचो. स्पर्धेत ते चालणार नव्हतं. पांढऱ्या ड्रेसशिवाय मॅटवर पाऊल ठेवू देत नाहीत. सचिवांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि पाइपांच्या भेंडोळ्यांमध्ये आमची बैठक भरली.

"मुलांचं सोपं आहे," ते म्हणाले. "उंची सांगा, नंबर काढू. हैदराबादहून तयार येतील. मुलींचे इथेच शिवून घेऊ."

"आमचीपण उंची घ्या ना सर," मी म्हणाले.

"तुमचं माप कोण घेणार?"

"माप नाही सर. उंची. भिंतीला उभं राहायचं आणि टेप लावायचा."

मुलं हसली. सचिवांनी हसू दिलं, मग हात वर केला. "टेप लावायचा म्हणे. उद्या एखादीचा बाप माझ्या दुकानात आला, की माझ्या मुलीला टेप कोणी लावला, तर? नवा जिल्हा आहे. पहिल्याच वर्षी भानगड नको."

"भिंतीला लावायचा सर."

"तू फार बोलतेस. प्रत्येकीने एक मापाचं ब्लाउज आणि एक सलवार आणून द्यायची. टेलरला मी सांगून ठेवलंय."

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. कोर्टातल्या एका कारकुनाची मुलगी, लातूरचीच, आणि आमच्या सहाजणींत सगळ्यांत सरस. तिची लाथ माझ्या खांद्याच्या वर जायची. तिने माझ्या कानात विचारलं, "परकर नको का ह्यांना?" मला हसू आवरेना. सचिवांनी ते पाहिलं आणि आमच्या घरच्या वळणावर दोन वाक्यं बोलून घेतली.

टेलरने बाईमाणसाच्या अंगाला टेप लावायचा नाही, नीट बसणारं जुनं ब्लाउज नव्या कापडाबरोबर द्यायचं, ही आपली रीत आहे. मला ती मान्यही आहे. ब्लाउज शिवायचं तर ब्लाउज द्यावं. पण कराटेच्या जॅकेटसाठी मापाचं ब्लाउज मागणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. ज्या मापाची त्यांना एवढी लाज वाटत होती, ते लागतच नव्हतं. जे लागत होतं, ते घ्यायला कुणाला शिवावंही लागत नव्हतं. तरीही त्यांच्या डोक्यात उंचीच्या आधी छातीच आली. मर्यादेचं नाव सारखं तोंडात असलेल्या माणसांचं हे मी पुढे नोकरीतही फार पाहिलं.

माझी तर आणखी गंमत. माझ्याकडे ब्लाउजच नव्हतं. मी साडी नेसत नव्हते. कमीज दिली तर चालेल का, असं विचारलं, तर सगळ्यांचं सारखं पाहिजे, असा हुकूम आला. शेवटी खोलीतल्या एका मुलीचं ब्लाउज मागून दिलं. ती माझ्याहून वीतभर ठेंगणी. म्हणजे माझ्या ड्रेसचं माप मुळात माझं नव्हतंच.

कापडही सचिवांनीच निवडलं. पांढरं, चकाकणारं टेरिकॉट. सुती कापड घाम शोषतं, असं प्रशिक्षकांनी एकदा सांगितलेलं मला आठवत होतं. मी ते बोलून दाखवलं. सचिव म्हणाले, "सुती धुवायला पाणी किती लागतं माहीत आहे? वसतिगृहात तुम्हाला बादली मिळते ना एक? हे नुसतं झटकलं तरी स्वच्छ." पाण्याच्या मोटारी विकणारा माणूस आम्हाला पाण्याची काटकसर शिकवत होता.

ड्रेस मिळाले ते निघायच्या आदल्या दिवशी, तेही नव्या कलेक्टर कचेरीसमोर फोटो काढायच्या अर्धा तास आधी. टेलरला मी दोष देणार नाही. त्याला सहा ब्लाउजं मिळाली आणि मापाबाहेर जायचं नाही अशी तंबी मिळाली, आणि त्याप्रमाणे त्याने सहा पांढरी, लांब बाह्यांची, पोटापर्यंत वाढवलेली ब्लाउजं शिवली. छातीला टक्स घेतलेले. पुढे हुकांची रांग, कारण मापाच्या ब्लाउजला हूक होते. गळ्याला बारीकशी पायपिंग. ती मात्र त्याने स्वतःच्या हौसेने लावली असावी. खाली सलवारीचा घेर, चुण्यांसकट. माझ्या बाह्या कोपराच्या थोड्या खाली येऊन थांबल्या होत्या.

मैत्रिणीने ठोसा मारायला हात वर केला आणि काखेतली शिवण टरकन उसवली.

"हात वर कशाला करतेस?" सचिव म्हणाले. "फोटोत हात कमरेवर आहेत."

त्यांचा स्वतःचा ड्रेस हैदराबादचा होता, कडक इस्त्रीचा आणि अगदी त्यांच्या उंचीचा. फोटोत ते मधोमध उभे आहेत. आम्ही सहाजणी दोन्ही बाजूंना कमरेवर हात ठेवून, श्वास रोखून. तो फोटो पेपरात आला. अजूनही कुठल्या सत्काराला गेले की ते सांगतात, लातूरच्या मुलींना कराटेच्या मैदानात पहिल्यांदा मी आणलं. ऐकणारे टाळ्या वाजवतात. मी हात मांडीवर ठेवून बसते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने नांदेडला निघालो. अहमदपूर मागे पडेपर्यंत मैत्रीण आणि मी सेफ्टी पिनने माझ्या ब्लाउजचे टक्स उसवत होतो. टक्स सुटले, पण बाही काही लांब झाली नाही. आत कापडच सोडलेलं नव्हतं. लोह्याच्या पुढे मैत्रीण म्हणाली, "राहू दे आता. उगाच भोकं पडतील." बाहेर टँकरमागे घागरी घेऊन पळणाऱ्या बाया दिसत होत्या. पुढच्या सीटवर सचिव डोळे मिटून बसले होते, मांडीवर काळा पट्टा असलेली बॅग.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सकाळी सगळ्या जिल्ह्यांचं संचलन झालं. त्यात आम्ही चाललो, हात फार न हलवता. मग सामन्यांआधीची तपासणी सुरू झाली. मुलींकडे पंच म्हणून एक बाई होत्या, मुंबईकडच्या. त्या ओळीतून चालत आमच्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"हे काय आहे?" त्यांनी मैत्रिणीच्या छातीकडे बोट केलं.

"हूक आहेत मॅडम."

"ते दिसतंय मला. का आहेत?"

आम्ही काय सांगणार? बाईंनी सचिवांना बोलावलं. ते हसत आले.

"आमच्याकडे मर्यादा पाळतात, मॅडम. ग्रामीण भाग आहे."

"जरूर पाळा," बाई म्हणाल्या. "पण धातूचं काही अंगावर चालत नाही. उद्या समोरच्या मुलीचा डोळा जाईल. आणि ही बाही कसली? हात वर कर गं." मी करता येईल तेवढा केला. बाईंनी मान हलवली. "मुलींचे सामने दुपारी आहेत. तोपर्यंत नीट ड्रेसमध्ये आल्या तर खेळतील. नाही तर नाही."

"प्रमाणपत्र मिळेल ना मॅडम?" मी विचारलं.

"मॅटवर उतरेल तिला मिळेल."

बाई पुढे गेल्या. सचिवांनी आम्हाला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं, आता हे काहीतरी धावपळ करतील. नांदेड केवढं मोठं शहर. कुठल्या दुकानात, कुठल्या क्लासमध्ये चौकशी केली असती तर दोन ड्रेस तरी मिळाले असते. ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. संचलनात चाललात, झालं की. पेपरात नाव येणारच."

"सर, पेपरचं कात्रण बी.पी.एड.ला चालत नाही," मी म्हणाले.

"बी.पी.एड. करून तरी काय करणार आहेस?" ते म्हणाले, आणि गुरुद्वाऱ्यातल्या लंगरच्या जेवणाला उशीर होतोय म्हणून निघून गेले. त्या वाक्याचा मला राग यायला हवा होता. पण मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि ती भुकेल्या माणसाची पाठ होती. माझ्या आयुष्याचा निकाल देऊन झाल्यावर त्यांना डाळ-रोटी आठवली.

मुलांचे सामने तोवर आटपत आले होते. आमच्या मुलांची पहिल्याच फेरीत धूळधाण उडाली होती. हरलेली मुलं भिंतीला टेकून बसली होती, त्यात उदगीरचा एक मुलगा होता. मी त्याला उभं राहायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. खांद्याला खांदा लागला.

"तुझा नंबर काय रे?"

"तीन."

"मला दे तुझा ड्रेस. दुपारपुरता."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "घामानं चिंब हाय अक्का."

"असू दे."

"बाथरूमात जाऊन काढून देतो. पण फाडू नका. गावाकडं दाखवायचाय." दोन पावलं जाऊन तो वळला. "आन् एखादा पॉइंट तरी घ्या. माझ्या अंगात असताना ह्यानं एकबी घेतला न्हाई."

तो ड्रेस काढून घेऊन आला. त्याच्या शेजारी बसलेला मुलगा मैत्रिणीच्या उंचीचा होता. तोही उठला. तिला म्हणाला, "तुम्हाला पण देऊ का?" मैत्रिणीने हात पुढे केला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला तो हात.

तेवढ्यात सचिव जेवून आले. मी ओला ड्रेस कवटाळून उभी होते, उदगीरचा मुलगा शर्टची बटणं लावत होता. त्यांना काय चाललंय हे कळायला वेळ लागला नाही. नको तिथे ते चटकन समजायचे.

"मुलाच्या अंगातला काढून घालणार? लोक काय म्हणतील? तुझ्या घरी मी काय उत्तर देऊ?"

"माझ्या घरी उत्तर द्यायला नको सर. भावाचे शर्ट घालूनच मी शाळेत गेले."

मग ते त्या मुलाकडे वळले. आवाज बारीक केला, पण मला ऐकू यावा इतकाच. "तू कुणाचा मुलगा आहेस, काही भान? आणि ही कुठली, विचारलंस का?"

मुलाने शर्टचं शेवटचं बटण लावलं. "आपल्याच जिल्ह्याची हाय की सर."

सचिव आता मैत्रिणीकडे वळले. "तुझ्या वडिलांना मी रोज कोर्टात भेटतो, लक्षात ठेव," एवढंच म्हणाले. मैत्रिणीचा पुढे झालेला हात मागे गेला. ती जाऊन बाकड्यावर बसली. बाकीच्या चौघी आधीच तिथे बसल्या होत्या. त्यांना कुणी काही म्हणायचीही गरज पडली नव्हती.

मी बाथरूममध्ये जाऊन ड्रेस घातला. गार, खारट आणि जड. पॅंट घोट्यावर नेमकी थांबली, बाही मनगटावर. आरसा नव्हता. मी हात वर केला, जेवढा जातो तेवढा. कुठेही काही ताणलं नाही. मग पाय वर केला. त्या एवढ्याशा जागेत मी एकटीच लाथा मारत होते.

पंच बाईंनी मला पाहिलं, बाही नुसती दोन बोटांत धरून सोडली आणि म्हणाल्या, "जा." पहिला सामना परभणीच्या मुलीशी होता. तो मी जिंकले. दुसरा नांदेडच्या मुलीशी, तो सरळ हरले. ती फारच चांगली होती आणि तिला ते माहीतही होतं. मी बाहेर आले तेव्हा उदगीरचा मुलगा म्हणाला, "पॉइंट घेतला ह्यानं. आता धुवायचाच न्हाई."

संध्याकाळी प्रमाणपत्रं सचिवांच्या हातात गठ्ठ्याने दिली गेली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"लातूरला कार्यक्रम घेऊ," ते म्हणाले. "पाहुण्यांच्या हस्ते वाटू."

"माझं आत्ता द्या सर."

"एवढी कसली घाई?"

"कार्यक्रम कधी आहे?"

"पाहुण्यांची तारीख मिळाली की."

मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. ते इकडेतिकडे पाहू लागले. पंच बाई पलीकडेच चपला घालत होत्या आणि त्यांनी मान वर केली. त्यांच्याकडे पाहत सचिवांनी गठ्ठ्यातून माझा कागद काढला आणि माझ्या हातावर ठेवला, भीक घातल्यासारखा. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना तोच एक प्रकार येत होता. तो कार्यक्रम पुढे झालाच नाही. मुलांची प्रमाणपत्रं त्या दुकानात कुठल्या पाइपखाली गेली, देव जाणे.

परतीच्या गाडीत मैत्रीण खिडकीशी बसली होती. लोहा गेल्यावर तिने पिशवीतून तो पांढरा ड्रेस काढला, पुढची हुकांची रांग बोटाने चाचपली आणि म्हणाली, "ह्याच्यावर साडी चांगली दिसेल नाही?" आम्ही दोघी हसलो. पुढे बसलेल्या सचिवांनी मागे वळून पाहिलं, तर ती आणखी मोठ्याने हसली. मग म्हणाली, "दाखव."

मी प्रमाणपत्र दिलं. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, माझं नाव, जिल्हा, सगळं. गाडी हेलकावे खात होती म्हणून कागद दोन्ही हातांनी धरला होता.

"माझी लाथ तुझ्यापेक्षा चांगली आहे," ती म्हणाली.

"आहे."

"नांदेडवालीला मी हरवलं असतं."

"हो."

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि मी बी.पी.एड.ला गेले. त्या संध्याकाळी यातलं काहीच ठरलं नव्हतं, पण तिने तो कागद मला परत दिला तेव्हा मला वाटतं दोघींनाही कळलं होतं. "घडी घालू नको," ती म्हणाली. माझ्याजवळ फाइल नव्हती, वहीसुद्धा नव्हती. मग लातूर येईपर्यंत आम्ही तो कागद आळीपाळीने हातात धरून बसलो.